१२९९ रुपयांचं मोजमाप किट: तराजू झकास, घड्याळाने डोक्याला ताप

तर झालं असं की थोरली दुसरीत गेली आणि शाळा सुरू झाल्या झाल्या वहीत "घड्याळात किती वाजले ते लिहा" चालू झालं. धाकटा सिनियर केजीत, त्याला अजून काल आणि उद्या यातलाच फरक धड कळत नाही ("आई, आपण उद्या मामाकडे गेलो होतो ना"), आणि मी रोज संध्याकाळी भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवून दाखवून घसा कोरडा करतेय. अशात एका रात्री अकरा वाजता मोबाईलवर स्क्रोल करताना हे किट दिसलं. वेळ, लिटर, वजन, सगळं एकाच बॉक्समध्ये, वय ४ ते ८, फोटोत दोन मुलं तराजूकडे बघून खदखदून हसतायत. १२९९ रुपये. झोपेत असताना खरेदी करू नये हे कळतं पण वळत नाही, घेतलं.

नाव मुद्दाम टाकत नाहीये. एक तर हेच किट, अगदी हाच फोटो, चार-पाच वेगवेगळ्या नावांनी ऑनलाइन दिसतं, फक्त बॉक्सचा रंग बदलतो आणि किंमत, त्यामुळे एकाला बोलून उपयोग नाही. आणि हा बॉक्स उघडल्या उघडल्या पाच स्टार देणारा रिव्ह्यू नाही हां, दोन महिने रोज घरात आदळआपट झाल्यावर लिहितेय.

आत काय येतं: दोन पारडी टांगलेला प्लॅस्टिकचा तराजू, ५-१०-२०-५० ग्रॅमची रंगीत वजनं, अर्ध्या लिटरचा एक जग, तीन मापाचे कप, वाळूची तीन घड्याळं (१, ३ आणि ५ मिनिटांची), हाताने काटे फिरवायचं एक मोठं घड्याळ आणि एक पुस्तिका.

आधी चांगलं सांगते. तराजू खरंच मस्त आहे. पारडी म्हणजे उथळ ताटल्या नाहीत तर खोलगट पारदर्शक डबे आहेत, त्यावर मिलिलिटरच्या उठावाच्या रेघा आहेत, म्हणजे पाणी ओतून पण तोलता येतं. मधे एक छोटी सरकपट्टी आहे, रिकामी पारडी समतोल नसली तर ती इकडे तिकडे सरकवून काटा मधोमध आणायचा. ही पट्टी सरकवायला दोघांना जाम आवडते आणि मला वाटतं अर्धं शिक्षण तिथंच होतं, मोजायच्या आधी काटा शून्यावर आहे का ते बघायचं. आता भाजीवाल्याकडे गेलं की थोरली आधी त्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर शून्य दिसतंय का ते वाकून बघते, मला मेल्याहून मेल्यासारखं होतं, पण बरोबर आहे तिचं.

तराजूवर आमचा सगळ्यात भारी रविवार म्हणजे तेलाचा. एक लिटरच्या तेलाच्या पिशवीवर ९१० ग्रॅम लिहिलेलं असतं, ते थोरलीने वाचलं आणि म्हणाली दुकानदाराने ९० ग्रॅम कमी दिलं. मी म्हटलं नाही गं, लिटर वेगळं आणि किलो वेगळं, पण हे वाक्य मी बोलले आणि मलाच कळलं की हे कोणाच्याही डोक्यात शिरणार नाही. मग एका डब्यात १०० च्या रेघेपर्यंत पाणी, दुसऱ्यात १०० च्या रेघेपर्यंत तेल. रेघ सारखी, दोघांनी खाली बसून डोळा रेघेच्या लेव्हलला लावून तपासली, आणि तराजू मात्र पाण्याकडे कलला. धाकटा म्हणाला "पाणी जिंकलं". मग तेलाच्या डब्यात दहा रुपयाचं नाणं टाकलं (धुऊन, आणि ते तेल नंतर देवाच्या निरांजनाला गेलं, ओरडू नका), तरी पाणीच खाली. त्यात एक रुपयाचं नाणं टाकल्यावर तेलाची बाजू वरचढ. म्हणजे किती कमी होतं तर दहाच्या नाण्यापेक्षा जास्त आणि दोन्ही नाण्यांपेक्षा कमी. मग पेल्यात थोडं पाणी घेऊन त्यावर तेल ओतून दाखवलं, तरंगलं, दोघांच्या चेहऱ्यावर "अच्छाऽऽ". दुसऱ्या दिवशी थोरलीने स्वतःहून अर्ध्या लिटरची दुधाची पिशवी आजीच्या डिजिटल काट्यावर ठेवली, पिशवीसकट ५०० च्या वर काहीतरी आलं, आणि निकाल दिला की दूध पाण्यापेक्षा पण जड, दूधवाला चांगला आहे. असो.

आता वजनांची गोष्ट. बॉक्सवर १६ वजनं लिहिलंय, आमच्यात १५ निघाली, एक २० ग्रॅमचं गायब. जी आली ती पण पोकळ प्लॅस्टिकची वाटली म्हणून मी ओळखीच्या सराफाकडे नेली, त्याच्या काचेच्या पेटीतल्या काट्यावर. तो आधी हसला, मग त्याला पण मजा वाटायला लागली. ५० चं ४८.९, १० ची दोन ९.३ आणि ९.६, ५ चं एक ५.४. म्हणजे दोन पाच मिळून एका दहापेक्षा जड! घरी मुलांनी हेच आधी पकडलं होतं, "आई ५ आणि ५ दहा होत नाहीत", आणि मी त्यांनाच सांगत होते की नीट ठेवा. सराफाने जाता जाता ऐकवलं की जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, आता आम्ही १० ग्रॅमच धरतो, तुमच्या खेळण्याचं काय घेऊन बसलात.

मुलांना शिकवायच्या वजनात पाव ग्रॅम इकडे तिकडे झाला तर कोणी मरत नाही हे मान्य. पण ज्या वस्तूचं कामच मुळी "दोन पाच म्हणजे एक दहा" हे हातात देणं आहे ती वस्तूच खोटं बोलत असेल तर काय करायचं? यावर उपाय आमच्याच घरात होता. दहा रुपयाचं नाणं साधारण ७.७ ग्रॅमचं असतं, म्हणजे १३ नाणी झाली की १०० ग्रॅम, जवळजवळ तंतोतंत. १३० रुपये सुट्टे जमवा, तुमचं १०० ग्रॅमचं वजन तयार, आणि परत नेऊन भाजी पण आणता येते. किटची वजनं आता भातुकलीत आहेत.

आणि खरी वजनं निघाली सासऱ्यांच्या पेटीतून. त्यांचं निफाडकडे किराण्याचं दुकान होतं, ते बंद करून पण वीस वर्षं झाली, पण वजनं काही टाकली नाहीत. बिडाची, षटकोनी, काळी. मुलांना उचलायला दिली तर धाकट्याने एक किलोचं दोन्ही हातांनी पोटाशी धरलं आणि तसाच घरभर फिरला, त्याला "एक किलो" ही गोष्ट पोटाला कळली म्हणा ना. मग आजोबांनी वजन उलटं करून दाखवलं. खाली एक भोक असतं, त्यात शिसं ओतलेलं, आणि त्या शिशावर वजनमापवाल्यांचे शिक्के. वजन झिजलं, कमी भरलं की शिसं घालून भरती करायची, शिसं मऊ म्हणून त्यावर शिक्का बसतो. "दर दोन वर्षांनी न्यायला लागायचं बाळा, नाहीतर इन्स्पेक्टर येऊन दुकानातून उचलून न्यायचा." थोरलीने लगेच किटचं वजन उलटं करून बघितलं. खाली काही नाही, नुसतं गुळगुळीत. "याला कोणी तपासलंच नाही?"

सासऱ्यांनी मग तासभर लावलाच. ते शाळेत होते तेव्हा शेर-मण जाऊन किलो आला, कायदा १९५६ चा, १९६२ पासून व्यापारात सक्तीचा, आणि त्यांच्या वडिलांना गिऱ्हाइकाला दोन्ही हिशोब तोंडी सांगायला लागायचे. सासूबाई तर अजून तांदूळ मापट्यानेच मोजतात. दोन चिपटी म्हणजे मापटं, दोन मापटी म्हणजे शेर, चार शेरांची पायली. मुलं हे ऐकत होती आणि मी मनात म्हणत होते की १२९९ रुपये कशाला घालवले.

जग आणि कप. कप ठीक आहेत, २५०, १२५ आणि ६० चे (दोन साठ मिळून एकशेवीस होतात हे थोरलीने शोधलंय, पुस्तिकेने नाही). जगावरच्या आकड्यांची शाई मात्र तिसऱ्या धुण्यात निघून गेली, तराजूच्या डब्यांवर उठावाच्या रेघा आणि जगावर छापलेल्या, एकाच किटमध्ये हे दोन न्याय कशाला ते त्यांनाच माहीत. आता जगावर मी नेलपॉलिशने रेघा मारल्यात.

पण या भागात एक गंमत बघायला मिळाली. दुपारी ताक देताना मी दोघांना १२५ च्या कपाने एकेक कप मोजून दिलं, थोरलीला उंच निमुळत्या ग्लासात आणि धाकट्याला त्याच्या बसक्या वाटीसारख्या पेल्यात. धाकट्याने भोकाड पसरलं, ताईला जास्त. त्याच्यासमोर परत कपात ओतलं, भरलं, पुन्हा पेल्यात, मान्य केलं त्याने की कप एकच. आणि पुन्हा ग्लास बघितला की "पण तिचं उंच आहे". चार वेळा केलं. पियाजे नावाचे एक स्विस मानसशास्त्रज्ञ होते त्यांनी हेच लहान मुलांवर करून बघितलं होतं, साधारण सहा-सात वर्षांपर्यंत मुलाला भांडं बदललं की आतलं पण बदललं असंच वाटतं, मी हे डीएडला असताना परीक्षेपुरतं पाठ केलं होतं आणि मार्क पण मिळवले होते. घरात घडताना बघितलं तेव्हा पहिल्यांदा खरं वाटलं. तेव्हा पाच वर्षांच्या पोराला मिलिलिटर शिकवायला जाऊ नका, त्याला नुसतं ओतू द्या, किती कपांनी जग भरतो ते मोजू द्या, बस. किटवर "वय ४ पासून" लिहिलंय ते ओतण्यापुरतंच खरं आहे.

यासाठी खरं तर किट पण नको. मी नंतर नाशिकच्या भांडीबाजारात जाऊन पितळेचं एक छोटं माप आणलं, सासूबाईंच्या मापट्याच्या निम्मं, म्हणजे चिपटं. त्या मापाने चुरमुरे आणि त्याच मापाने तांदूळ भरून तराजूच्या दोन डब्यांत ओतले तर तांदूळ धाडकन खाली. सासूबाई म्हणाल्या म्हणून तर पायली भरून दिली तरी कोणतं धान्य ते विचारायचं असतं.

आता येते घड्याळावर, ज्यासाठी मुळात हे किट घेतलं होतं.

दिसायला सुंदर आहे, मोठं, तास निळे, मिनिटं लाल, कडेला ५, १०, १५ पण लिहिलंय. पण काटे सुट्टे आहेत. म्हणजे मिनिटकाटा गोल फिरवला तरी तासकाटा जागचा हलत नाही. आत चाकं नाहीतच. आता तुम्ही म्हणाल मुलांनी हाताने लावायचं तर काय बिघडलं. सांगते काय बिघडलं.

आमची व्हॅन येते पावणेआठला. थोरलीला म्हटलं लाव पावणेआठ. तिने 'आठ' ऐकलं, लहान काटा आठवर ठेवला, मग मोठा नऊवर, आणि खूष. हे झालं पावणेनऊ! आणि चूक तिची नाही, आपण मराठीत बोलतोच असं, पावणेआठ म्हणजे आठ व्हायला पाव कमी, शब्दात आठ आहे पण आठ वाजलेले नाहीत. खऱ्या घड्याळात लहान काटा त्या वेळी आठच्या अगदी जवळ पोचलेला पण अजून टेकलेला नसतो, ते डोळ्याला दिसलं की पावणे या शब्दाचा अर्थ आपोआप कळतो, "पोचतच आलाय". या सुट्ट्या काट्याच्या घड्याळात ते कधीच दिसत नाही. साडेसातला पण काटा सातवरच खिळलेला. असल्या घड्याळावर मूल फक्त दोन आकडे जुळवायला शिकतं, वेळ सरकते हे शिकत नाही.

पुस्तिका इंग्रजीत आणि हिंदीत आहे, हिंदी पानावर पौने आणि सवा आहेत निदान, इंग्रजी पानावर सेव्हन फॉर्टी-फाइव्ह म्हटलं की संपलं. शाळेत पण तेच म्हणतात. आणि घरी आजी विचारते पाऊण वाजला का गं. पाऊण! एक शब्द, त्यात बारा पण नाही, एक पण नाही. मग सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच. थोरली बरेच दिवस 'साडेएक' आणि 'साडेदोन' म्हणत होती, नियमाप्रमाणे तिचंच बरोबर आहे, भाषाच वाकडी.

पण दोन महिन्यांत माझ्या जे लक्षात आलं ते हेच, की आपल्याकडे वेळ, लिटर, किलो तिन्हीला हेच शब्द आहेत. पाव तास, पाव लिटर, पाव किलो. दीड तास, दीड लिटर, दीड किलो. किटने तीन वेगवेगळे विषय करून तीन पिशव्यांत भरलेत, आपल्या तोंडात तो एकच विषय आहे. गोंधळ कुठे होतो तर पाव कशाचा त्यात. थोरलीचा प्रश्न होता, सव्वाशे म्हणजे १२५, म्हणजे सव्वा म्हणजे वर २५, मग सव्वा तासात एक तास आणि २५ मिनिटं का नाहीत? मी चहा ठेवून दिला खाली. कारण शंभराचा पाव २५, साठचा पाव १५, हजाराचा पाव २५०, आकडा बदलतो पण तुकडा तोच.

हे कसं समजावलं तर भाकरीने. रात्री भाकरीचे चार तुकडे करून ताटात ठेवले, चतकोर हा शब्द तिला माहीतच होता. चतकोर म्हणजे पाव, दोन चतकोर अर्धी, तीन चतकोर पाऊण. मग तीच भाकरी म्हणजे घड्याळाची तबकडी, बारापासून तीनपर्यंत एक चतकोर, त्यात मिनिटं १५. मग तीच भाकरी एक किलोची समजायची, चतकोरात ग्रॅम २५०. मग तीच शंभर रुपयांची. धाकट्याने तोपर्यंत पाव तास खाऊन टाकला होता. मला वाटतं या किटमध्ये एक गोल चकती आणि तिचे चार तुकडे एवढं जरी टाकलं असतं तर मी पाच स्टार दिले असते.

आणि घड्याळाचा प्रश्न सुटला तो माळ्यावरच्या जुन्या चावीच्या गजराच्या घड्याळाने. बंद पडलंय, पण मागची वेळ लावायची चकरी फिरवली की दोन्ही काटे हिशोबात फिरतात, मोठा पूर्ण फेरा मारतो तेवढ्यात लहान एका घरातून दुसऱ्या घरात जातो. चकरी फिरवत फिरवत तिला विचारायचं, सात वाजले, पोहे केले, सव्वासात, आंघोळ, साडेसात, आता पावणेआठ, लहान काटा बघ कुठे आहे. दोन दिवसांत जमलं. जुन्या बाजारात असली बंद घड्याळं शे-दोनशेला मिळतात, काच मात्र नीट बघून घ्या.

वाळूची घड्याळं दिसायला गोड. मोबाईलच्या स्टॉपवॉचवर लावली तर १ मिनिटवालं ५१ सेकंदांत संपलं, उलटं केलं तर ५५, ५ मिनिटवालं साडेपाचच्या पुढे गेलं आणि एकदा वाळू अडकली ती टिचकी मारल्यावर सुटली. दात घासायला दोन मिनिटांचं हवं होतं ते यात नाहीच. तरी धाकट्यासाठी वापरते, कारण त्याला पाच मिनिटं म्हणजे किती हे दिसतं तरी, नाहीतर आमच्या घरात "पाच मिनिटांत आले" म्हणजे किती ते मोठ्यांना पण सांगता येणार नाही. तसं त्याचं स्वतःचं माप ठरलेलं आहे, कुकरची शिट्टी. "दोन शिट्ट्या झाल्या की उठतो." सासूबाईंनी सांगितलं की त्यांच्या लग्नात गुरुजींनी घंगाळात घटिकापात्र सोडलं होतं, बुडाला बारीक भोक असलेली वाटी, भरून बुडाली की एक घटका, २४ मिनिटं. झालं, मुलांनी आइस्क्रीमच्या रिकाम्या कपाला सुईने भोक पाडून बादलीत सोडला. आमचा कप चार मिनिटं दहा सेकंदांत बुडतो, दर वेळी जवळपास तेवढ्यातच, किटच्या वाळूपेक्षा भरवशाचा. भोक थोडं मोठं केलं की लवकर बुडतो, हे पण कळलं त्यांना. खर्च शून्य, फक्त बाथरूम पुसायला लागतं.

तर घ्यायचं की नाही? अख्खं किट घेऊ नका. हाच तराजू सुटा पण मिळतो, पाचशेच्या आत-बाहेर, तो डोळे झाकून घ्या, खोल पारदर्शक डबे आणि सरकपट्टी आहे ना एवढं बघा. वजनांना नाणी, घड्याळाला माळा, मापांना स्वयंपाकघर. ज्यांच्याकडे आजी-आजोबा आणि जुनी भांडी हाताशी नाहीत, किंवा परदेशात आहात आणि मुलांना पावणे-साडे शिकवायचंय, त्यांनी तर फक्त तराजू आणि एक गिअरवालं घड्याळ घ्यावं, विकत घेताना फोटोत साडेतीनला लहान काटा तीन-चारच्या मधे आहे का ते बघा, तीनवरच असेल तर सोडून द्या. माझे स्टार: तराजू साडेचार, कप तीन, वाळू दीड, वजनं एक, घड्याळ पाऊण.

आणि ते हरवलेलं २० ग्रॅमचं वजन. पहिल्याच आठवड्यात तक्रार टाकली, फोटो मागितले, दिले, मग बॉक्सचा व्हिडिओ मागितला, तो कोण काढतं? शेवटी उत्तर आलं की आमची टीम २४ ते ४८ तासांत संपर्क करेल. त्याला आता सात आठवडे झाले. थोरलीने वहीत हिशोब मांडून ठेवलाय, ७ गुणिले ७ गुणिले २४, म्हणजे ११७६ तास, आणि मला विचारतेय की यांच्याकडे पण काटे सुट्टेच आहेत का.